रॉसचा बिनमाणसांचा कारखाना

आमचं वॉशिंग मशीन गॅरेजमध्ये आहे. गेल्या वर्षी काही महिने असे गेले की स्वतःच्या नवऱ्याचे मोजे धुवायला जाताना मला आधी वहीत सही करावी लागायची. नाव, आत आल्याची वेळ, येण्याचं कारण, पायात बंद बूट आहेत का. मी चौथ्या रकान्यात "अनवाणी" लिहायची आणि कारणाच्या रकान्यात "घर माझंही आहे".

वही रॉसने ठेवली होती. रॉस म्हणजे आमचं ध्यान. आमच्या बेटावरच्या जॉर्ज टाउनबाहेरच्या धातूच्या कारखान्यात चौतीस वर्षं मोजमापाची उपकरणं सांभाळून तो निवृत्त झाला. निवृत्तीनंतर इतरांचे नवरे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेतात आणि बायकोला क्वीन्सलंडचं ऊन दाखवून आणतात. माझ्या नवऱ्याने बिअर आपोआप बनवणारं यंत्र बांधायला घेतलं. तीन स्टीलची पिंपं, चार पंप, अकरा सेन्सर, जाडजूड वायरींचं जंजाळ आणि या सगळ्यावर देखरेख करणारी एक स्क्रीन. या प्रकाराला तो घरातसुद्धा "प्लांट" म्हणायचा. प्लांटमध्ये जाताना चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालायचा. दारावर पाटी लावली होती: अपघाताविना दिवस, आणि पुढे खडूने आकडा. गॅरेजमध्ये त्याच्याशिवाय दुसरा कामगार नव्हता, त्यामुळे अपघात नक्की कोणाला होणार होता ते मी विचारलं नाही. नाकापेक्षा मोती जड झाला की बोलून उपयोग नसतो.

यंत्र येण्यापूर्वीही आमच्याकडे बिअर व्हायची, सोळा वर्षं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मर्व्ह यायचा. मर्व्ह हॅझलडीन, आमच्यामागच्या गल्लीत राहणारा, मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस. मग दोघं मिळून मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात भिजवायचे, गाळायचे, हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचे, पंचवीस लिटरचं भांडं दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवायचे. खरं काम तासाभराचं. उरलेले चार तास दोन म्हातारे ढवळायची लाकडी फळी हातात घेऊन उकळत्या भांड्याकडे बघत उभे असायचे आणि एकमेकांचा उद्धार करायचे. दुपारी पावात सॉसेज, वर कांदा, आणि मागच्या महिन्याच्या बिअरला नावं ठेवणं. मला वाटायचं, काय हा वेळेचा अपव्यय.

मागच्या वर्षी मार्चमध्ये, आमच्याकडे पानगळ सुरू होताना, मर्व्हची बायको पॅम गेली. त्यानंतर मर्व्ह फारसा घराबाहेर पडेना. बागेतली अवजारं गंजली, बोलिंग क्लबवाले फोन करून थकले. तो दाढी करायचा ती फक्त महिन्याच्या त्या एका शनिवारी. हे मला कसं माहीत? एरवी दुकानात भेटायचा ना, तेव्हा कळायचं. ते भांडं आणि ती फळी त्या माणसाला धरून ठेवत होती, हे मला दिसत होतं. रॉसला दिसत नव्हतं, कारण मर्व्हवर सेन्सर बसवलेला नव्हता.

यंत्र पहिल्यांदा चालवायचं होतं त्या शनिवारी मर्व्ह आला, गुळगुळीत दाढी करून, स्वतःची फळी काखेत घेऊन. रॉसने त्याला वहीत सही करायला लावली.

"हे काय, जहाजावर चढतोय का मी?" मर्व्ह म्हणाला.

"नियम म्हणजे नियम. बूट?"

"आहेत. आत पायही आहेत. बघायचेत?"

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग रॉसने एक कळ दाबली. पाणी आपोआप चढलं, आपोआप तापलं, मॉल्ट आपोआप फिरू लागलं. मर्व्ह फळी घेऊन पिंपाजवळ गेला, तर पिंपाला झाकण. रॉसने कोपऱ्यातली घडीची खुर्ची आणून उलगडली.

"तू बस, लेका. आता तुला काहीच करायचं नाही."

मी मशीनमधून चादरी काढत होते. त्या चादरी रॉसच्या डोक्यात घालाव्यात असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं. मर्व्ह बसला. वीस मिनिटं स्क्रीनवरचे आकडे बघितले. "छान आहे," म्हणाला. मग उठला आणि म्हणाला की घरी गवत कापायचं राहिलंय. जुलै महिना होता, म्हणजे ऐन हिवाळा. आमच्याकडे जुलैत गवत वाढत नाही, थंडीने काकडतं.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आणि इकडे प्लांटची पहिली बिअर तयार झाली. रॉसने ती ग्लासात ओतली, उजेडात धरली, हसला. रंग सुरेख, फेस सुरेख. मग घोट घेतला आणि त्याचं तोंड मीठ टाकलेल्या गोगलगायीसारखं झालं. बिअरला विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास येत होता.

त्याने दारावरचा आकडा पुसून शून्य केला आणि चौकशी समिती नेमली. समितीत तो एकटाच. त्याने पंप खोलले, नळ्या बदलल्या, पाणी तपासायला होबार्टला पाठवलं, मॉल्टचा व्यापारी बदलला, नऊ पानी अहवाल लिहिला आणि तो मला वाचून दाखवला. दुसरी खेप केली. तोच वास. तिसरी केली. वास तोच, वर यंत्राचा अभिमान दुखावलेला. आमच्या गटारातले उंदीरसुद्धा त्या दिवसांत शिंकत असावेत.

"मर्व्हला विचार ना," मी म्हणाले.

"मर्व्हला सेन्सरमधलं काय कळतं?"

"बिअरमधलं कळतं."

"प्रश्न बिअरचा नाहीये, ग्लेनिस. प्रश्न प्रक्रियेचा आहे."

शेवटी मीच तिसऱ्या खेपेची एक बाटली घेतली, सोबत भोपळ्याचं सूप घेतलं आणि मागच्या गल्लीत गेले. पहिल्या शनिवारची दुपार होती. मर्व्हने दार उघडलं, तर त्याच्या गालावर पांढरे खुंट. टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू होती, आवाज बंद करून. टेबलावर एकच कप, एकच ताटली, दोन्ही धुऊन पालथे घातलेले.

मी बाटली उघडून पुढे केली. त्याने पिण्याआधी नुसता वास घेतला आणि तो हसला. पॅम गेल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं.

"बुडबुडी काढत नाही ना तो?"

बुडबुडी म्हणजे आंबवण्याच्या पिंपाच्या झाकणावर खोचलेली वाकडी नळी. तिच्यात थोडं पाणी असतं, त्यातून आतली हवा बुडबुडत बाहेर पडते, बाहेरची घाण आत जात नाही. आमचे साहेब मुलखाचे काटेकोर, म्हणून पाण्याऐवजी बाटल्या धुवायचं गंधकाचं औषध घालतात, तेही दुप्पट कडक.

"दोन आठवड्यांनी पिंप फ्रीजमध्ये जातं ना," मर्व्ह म्हणाला. "गार झालं की आतली हवा आकसते. बुडबुडीतलं सगळं औषध आत ओढून घेते. काडीचाच वास येणार, दुसरा कसला येणार? त्याआधी बुडबुडी काढायची आणि भोकावर फॉइल लावायचं."

"मग सोळा वर्षं असा वास का आला नाही?"

"शुक्रवारी तो पिंप फ्रीजमध्ये ठेवायचा. मी गुरुवारी चहाला यायचो."

मला ते गुरुवार आठवले. मर्व्ह यायचा, दोन बिस्किटं खायचा, "जरा गॅरेजमध्ये डोकावतो" म्हणायचा आणि जायचा. आम्ही समजायचो, बिचाऱ्याला आमच्याकडची बिस्किटं आवडतात.

"कधी बोलला नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? दिसलं, केलं."

"मग आता तरी सांग त्याला."

मर्व्ह टीव्हीकडे वळला. "कशाला? त्याच्याकडे अकरा सेन्सर आहेत. तूच ऐकलंस की, मला काहीच करायचं नाही."

मी घरी आले ती तावातावाने. रॉस चौथा पंप मांडीवर घेऊन बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी त्याला बुडबुडीचं सांगितलं, फॉइलचं सांगितलं, सोळा वर्षांच्या गुरुवारांचं सांगितलं.

"फॉइल मर्व्ह लावायचा?" रॉस म्हणाला. "मला वाटायचं, कोळी आत जाऊ नयेत म्हणून तू लावतेस."

"मी? सोळा वर्षांत मी तुझ्या पिंपाला बोट तरी लावलंय का? त्या माणसाचा महिन्यातला एक दिवस होता, रॉस. एक. तोही तू काढून घेतलास. कशासाठी? चार पंप खेळायला मिळावेत म्हणून?"

रॉसने पंप मांडीवरून खाली ठेवला. म्हणाला, "त्याची पाठ गेलीय."

"काय?"

"मेमध्ये भांडं उतरवताना त्याचा हात सुटणार होता. उकळतं भांडं. त्याने दात खाऊन धरलं. घाम फुटला होता त्याला. मी ओळखलं, पुढच्या वेळी नाही धरता येणार. मग म्हटलं, असं काहीतरी करू की उचलायलाच लागणार नाही."

म्हणजे हे अकरा सेन्सर, ही वही, हा नऊ पानी अहवाल, सगळा खटाटोप मर्व्हच्या कमरेसाठी होता.

"हे तू त्याला सांगितलंस?"

"काय सांगू? तुझ्याने आता होत नाही म्हणून?" रॉस चिडला. "मर्व्हला? तो मला नदीत ढकलेल."

माझं लग्न या बेटावरच झालं, जन्मही इथलाच, पण इथल्या पुरुषांपुढे मी हात टेकलेत. मित्राची पाठ वाचवायला हे महिनोन् महिने तारा जोडत बसतील, पण "पाठ दुखते का रे?" एवढे चार शब्द तोंडातून निघायचे नाहीत. आणि दुसरा सोळा वर्षं मित्राची बिअर वाचवेल आणि बिस्किट खाऊन गप घरी जाईल. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

"जा आणि माफी माग," मी म्हणाले.

रॉस उठला. मला वाटलं, निघाला मागच्या गल्लीत. तो गॅरेजमध्ये गेला.

तिथे तो तीन आठवडे होता. जेवायला तेवढा बाहेर यायचा. मग एका गुरुवारी त्याने मर्व्हला फोनवरून दोन शब्दांचा निरोप पाठवला: "शनिवार. नऊ." माझ्या नवऱ्याच्या मानाने हे लांबलचक पत्रच झालं.

शनिवारी पावणेनऊला दारात मर्व्ह उभा. दाढी केलेली, घाईत केलेली, हनुवटीवर कापलेलं. "मी काही थांबत नाही," मला म्हणाला. "नुसतं बघून जातो." मी वॉशिंग मशीनमध्ये धुतलेलेच टॉवेल पुन्हा घातले, कारण मलाही तिथे उभं राहायला निमित्त हवं होतं.

सहीची वही कुठे दिसत नव्हती. रॉसने कळ दाबली. पाणी चढलं, तापलं, आणि यंत्र गप झालं. मग घंटा वाजली. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं: "पाणी तयार. मर्व्हने हात लावून बघावं."

मर्व्हने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. पिंपाशेजारी, वाकावं लागणार नाही अशा उंचीवर, बशीएवढी हिरवी कळ बसवलेली होती.

"हे काय नवीन?"

"सुधारणा," रॉस म्हणाला. तो एका नटावर पाना फिरवत होता. नट आधीच घट्ट होता.

मर्व्हने झाकण उघडून पाण्यावर हात धरला. "एक अंश कमी आहे."

"सेन्सर बरोबर दाखवतोय."

"तुझा सेन्सर गाढव आहे. थोडं तापव."

रॉसने तापवलं. मर्व्हने हिरवी कळ दाबली आणि यंत्र पुढे सरकलं. दहा मिनिटांनी पुन्हा थांबलं, पुन्हा घंटा: "मॉल्ट. मर्व्हने चव घ्यावी."

"असं किती वेळा थांबणार हे?"

"सतरा वेळा. अठरावी बुडबुडी. ती गुरुवारी."

"अठरा!" मर्व्ह ओरडला. "अरे, हाताने पाच तासांत व्हायची बिअर!"

"याला नऊ लागतील," रॉस म्हणाला, आणि खरंच सांगते, अभिमानाने म्हणाला.

मर्व्हने चव घेतली, मान हलवली, कळीवर हात ठेवला. पण दाबली नाही. स्क्रीनवर त्याचं नाव लुकलुकत होतं.

"आणि एखाद्या शनिवारी मी नाही आलो तर?"

रॉसचा पाना थांबला. "मग थांबून राहील."

"किती वेळ?"

"त्यात वेळ घातलेली नाही," रॉस म्हणाला.

मी टॉवेलांमध्ये तोंड घातलं. मर्व्हने बाहीने नाक पुसलं.

"मॉल्ट नासेल ना, मूर्खा," तो म्हणाला, आणि त्याने कळ दाबली.