डब्यातला कापूस

वेता मावशीने जिन्यातच गाठून सांगितलं, "तिबेरिऊ, शनिवारपर्यंत खोली सोड बाबा."

"का? माझ्या घोरण्याने भिंत पडली की काय?"

घरमालकीण हसली नाही. तीन वर्षं त्याच्या हातची कॉफी पिणारी बाई आज दोन पायऱ्या वर उभी राहून बोलत होती. "एचआयव्ही आहे तुला. मला बोलला नाहीस. तुझ्या मित्रानेच सांगितलं, बिचाऱ्याने काळजीपोटी."

तिबेरिऊला मित्र एकच. रेलू. कॉन्स्टान्त्सा शहरातल्या इस्पितळाच्या एका वॉर्डात दोघं शेजारच्या खाटांवर वाढले होते. तिथल्याच एका न उकळलेल्या सुईने लहानपणी दोघांना हा आजार चिकटवला.

ही खोली मिळण्याआधी तिबेरिऊ आज एकाच्या सोफ्यावर, उद्या स्टेशनवर. गोळ्या घेतल्या तर घेतल्या. अंगावर नुसती हाडं उरली होती. इथे आल्यापासून आठच्या ठोक्याला गोळी, एकदाही चुकली नाही. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लग्नबिग्न केलंस की काय?"

"नाही हो, दाराची किल्ली मिळाली."

शनिवारी तो बॅग घेऊन निघाला, तर दारात रेलू! हातात दोन पिशव्या. खोली त्यालाच मिळाली होती.

"मलाही हाकललंय, तिबी," रेलू खाली बघत पुटपुटला. "थंडी तोंडावर आलीये. तुझं काय, तू गोडबोल्या. तुला कुठेही मिळेल."

"हो ना! स्टेशनवरच्या बाकाशी गोड बोलतो आता."

तेवढ्यात मावशी मदतीला आली. तिने रेलूच्या पिशवीतला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचलला. खुळखुळ! तिबेरिऊने आवाज ओळखला. गोळ्या. बिस्किटांच्या डब्यात लपवायची युक्ती त्यानेच शिकवलेली. वर कापूस दाबून भर, हेही शंभरदा सांगितलेलं. विसरला गाढव.

"काय रे आहे यात?" मावशीने डबा कानाशी नेला.

रेलू चुन्यासारखा पांढरा पडला. एका शब्दात तोही रस्त्यावर आला असता. तो शब्द तिबेरिऊने पेपरमिंटच्या गोळीसारखा तोंडात इकडून तिकडे फिरवला. चव झकास होती.

"बटणं आहेत, मावशी. याच्या आईची. हात लावलेला चालत नाही येड्याला."

मावशी डबा रेलूच्या हातात देऊन आत गेली. तिबेरिऊने स्वतःचा डबा उघडला, कापसाचा बोळा काढला आणि रेलूच्या खिशात कोंबला.

"तिबी, ऐक ना..."

"डब्यात भर. उरला तर तोंडात."

तो जिना उतरायला लागला. बॅगेतला डबा चारही मजले खुळखुळत होता. त्याने तो दाबून धरला नाही.