बाहेरच्यांना नवी खिडकी

धाकटी मुलगी काय करते असं कोणी विचारलं, की घड्याळजी म्हणायचे, "कॉम्प्युटरवर खटखट करते." उभी हयात चाकं आणि स्प्रिंगांमध्ये गेलेल्या या माणसाला हातात न येणारं काम काम वाटतच नसे. आणि धाकटीचं नशीब असं, की तिला शाबासकी हवी होती ती नेमकी याच एका माणसाची. बाकी जगानं दिलेली तिच्या खिजगणतीतही नव्हती.

म्हणून दुकानाची वेबसाइट तिनं आपणहून अंगावर घेतली आणि सगळं एचटीएमएल, म्हणजे पानं ज्या कोडनं बनतात तो, हातानं लिहिलं. हात थरथरायला लागल्यापासून बाबा फक्त भिंतीवरची मोठी घड्याळं घेत. मनगटी घड्याळं जुन्या शिष्याकडे जात, काचा काचवाल्याकडे. तिनं त्या प्रत्येकाच्या वेबसाइटची लिंक दिली आणि एका दुपारी बाबांना लॅपटॉपपुढे बसवलं.

बाबांनी 'मनगटी घड्याळं' दाबलं. शिष्याचं दुकान उघडलं आणि बाबांचं दिसेनासं झालं.

बाबांचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकाला दुसरीकडे धाडलं म्हणून आपण कधी शटर ओढलं नाही, असं ते हळूच म्हणाले. खोटं नव्हतं ते. धाडलेलं गिऱ्हाईक काम झालं की नाही हे सांगायला परत येईपर्यंत ते दार उघडं ठेवून बसत, आणि घरी आई ताटं वाढून चरफडत असे.

धाकटीला राग आला. रागाच्या भरात तिनं झाडून सगळ्या लिंकांना 'टारगेट ब्लँक' लावलं, म्हणजे जे दाबाल ते नव्या टॅबमध्ये उघडणार आणि दुकान मागे जिथल्या तिथे राहणार. पण आता पत्ता दाबला तरी नवा टॅब, वेळ दाबली तरी नवा टॅब. वरच्या पट्टीत बाबांच्याच दुकानांची रांग लागली.

"एक दुकान सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले," आई मागून म्हणाली, "आता एवढी कोण झाडणार?"

तिघंही हसली. हसता हसताच धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. पत्ता आणि वेळ या घरातल्या खोल्या, त्या त्याच खिडकीत उघडाव्यात. शिष्य आणि काचवाला बाहेरचे, नवा टॅब फक्त त्यांना. ती दुरुस्ती करत असताना बाबा डोळ्याला भिंग लावून स्क्रीनवर वाकले. त्यांनी विचारलं, यातलं एखादं अवतरणचिन्ह राहिलं तर काय होतं? पुढचं सगळं बिघडतं, ती म्हणाली. चाकाचा एक दात तुटला की अख्खं घड्याळ अडतं, हे बाबांना कोणी शिकवायला नको होतं.

"यात तुझी खूण कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

घड्याळ उघडणारा कारागीर झाकणाच्या आतून बारीकशी खूण कोरतो. लहानपणी तिनं किती हट्ट केला, पण बाबांनी कोरायची सुई हातात दिली नव्हती. खूण काम करणाऱ्याची असते, खेळणाऱ्याची नाही, असं म्हणाले होते.

पानाच्या तळाशी तिनं आपलं नाव लिहिलं, त्याला स्वतःच्या वेबसाइटची लिंक दिली आणि नियमाप्रमाणे 'टारगेट ब्लँक' लावलं. बाबांचं थरथरतं बोट त्याच शब्दांवर येऊन टेकलं.

"हे काढ."

"बाबा, माझी वेबसाइट वेगळ्या पत्त्यावर आहे. बाहेरची आहे ती."

"पत्ता असेल वेगळा. तू बाहेरची कधी झालीस?"

तिनं ते शब्द खोडले. डोळे भरून आल्यामुळे दोनदा चुकून शेजारची अक्षरंही खोडली गेली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानाचे फोटो काढत होती. एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं, ही मुलगी काय करते. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"कारागीर आहे," ते म्हणाले.