गवत्या माशांचं तळं

लंकाबाईला त्या तळ्याची धास्ती बसली, त्याला दोन वर्षं झाली होती. तिची धाकटी जाऊ गोदावरी कपडे धुताना पायरीवरून घसरली आणि गेली. टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा जाड थर तेव्हा साऱ्या तळ्यावर पसरलेला होता. गोदावरी त्यात पडली आणि तो थर तिच्यावर पुन्हा जुळून आला. माणसं काठावर धावत आली, पण उडी कुठे मारायची तेच कुणाला कळेना. ती सापडली तेव्हा तासभर उलटला होता.

विंचूरकडच्या त्या गावाने मग तळ्यात तणनाशक मारायचं ठरवलं. लंकाबाई ग्रामसभेत उभी राहिली. गुरं तेच पाणी पितात, शेजारच्या विहिरीत तेच झिरपतं, विष नको, म्हणाली. मत्स्य विभागातल्या योगिनीताईंना विचारून तिच्या बचत गटाने तळ्यात गवत्या मासे सोडले. हा मासा पाण्यावरची कोवळी पानं म्हशीसारखा चरतो. तळ्यातल्या मरळींनी गिळू नयेत म्हणून चांगली वीतभर लांबीची दोनशे पिल्लं आणली होती. एप्रिलपासून चार महिन्यांत निम्मं पाणी उघडं पडलं. लंकाबाई रोज सकाळी बघायला यायची, पण लांब लिंबाखाली उभी राहून. पायरीवर तिने पाय ठेवला नव्हता.

ऑगस्टात तीन दिवस आभाळ दाटून राहिलं. ऊन नाही, वारा नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहाला ती आली आणि लिंबाखालीच थबकली. उघड्या पाण्यात जिकडे तिकडे माशांची तोंडं वर आली होती. आ वासलेली, उघडमीट करणारी.

तिने योगिनीताईंना फोन लावला.

"पाण्यातला प्राणवायू संपत आलाय, लंकाबाई. उरलेला थर ओढून काढा, पाणी उडवा. ऊन पडेपर्यंत कसंही करून त्यांना जगवा."

लंकाबाईने हाका मारल्या. गोदावरीचा नवरा वाल्मीक हा लंकाबाईचा धाकटा दीर. तो हाक ऐकून द्राक्षबागेत फवारणी करायचा ट्रॅक्टर घेऊनच आला. "वहिनी, टाकी भरतो अन् ब्लोअरनं पाणी उडवतो."

"काल टाकीत काय होतं, भाऊजी?"

"औषध. धुऊन घेतो ना."

"नळ्यांत राहतं ते. सगळं तळं मरंल. नको."

"पाणी उडवायला मोटर चालवायची तर लाईट नऊला येणार. तवर काय राहतं?"

रोपांवर सावलीला बांधायची शेडनेटची जाळी होती. ती पाण्यावरून ओढली तर थर काठाला आला असता. पण पलीकडचा काठ बाभळींनी गच्च भरलेला. जाळीचं एक टोक पाण्यातूनच न्यायला हवं होतं. वाल्मीक पायरीपर्यंत गेला आणि तिथेच खिळला.

"मला नाय जमणार, वहिनी. हितंच सापडली ती."

लंकाबाईने कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि जाळीचं टोक धरून पाण्यात उतरली. तिला पोहता येत नव्हतं. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला, मग छातीला. पाय गाळात रुतत होते. तिने मागे वळून पाहिलं. आपण आलो ती वाटच नव्हती. पानं जुळली होती. इतक्यात काहीतरी जड, गुळगुळीत मांडीला घासून गेलं. ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटेना.

"वहिनी! बोलत राहा! मला ऐकू येऊ द्या!"

काय बोलावं ते तिला सुचेना. मग ती तळ्याला शिव्या द्यायला लागली. आयुष्यात कधी तोंडातून काढल्या नव्हत्या अशा. त्या शिव्यांवर ती दहा पावलं गेली, आणि अकराव्याला खाली तळच नव्हता.

डोक्यावर हिरवा अंधार मिटला. नाकातोंडात पाणी गेलं. वर कुठे आणि खाली कुठे, कळेना. हातातली जाळी मात्र सुटली नाही. मग कमरेला करकचून हिसका बसला. ती वर आली तेव्हा वाल्मीक गळ्याइतक्या पाण्यात उभा होता, दोर दोन्ही हातांनी ओढत, रडत.

"परत फिरा, वहिनी! मरू द्या मासे!"

तिने खोकून पाणी बाहेर काढलं. "जाळीचं टोक धरा," एवढंच म्हणाली.

मग दोघं पाण्यातूनच चालली. वाल्मीक तिच्या पुढे, पाय टाकून तळ चाचपत. हाक ऐकून आलेल्या बायका काठावरून जाळी ओढत राहिल्या. साडेआठला ऊन पडलं, नऊला मोटर चालू झाली. हळूहळू तोंडं खाली गेली.

एकेचाळीस मासे मेले. ग्रामसभेत तणनाशकाचा आग्रह धरणारे भिकाआबा काठी टेकत आले, मेलेल्या माशांकडे बघून म्हणाले, "तणाचं औषधच मारायला पायजे होतं." लंकाबाईने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि मेलेले मासे पाटीत भरायला घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ढग होते. ती आणि वाल्मीक पायरीवर येऊन बसले. शेजारी दोर, मागे लाईट नसतानाही पाणी उडवता यावं म्हणून मागून आणलेलं डिझेलचं इंजिन. उजाडलं. पाणी शांत होतं. वाल्मीक म्हणाला, "चला वहिनी, मासे निजले असतील."

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, आणि पाण्यावरची नजर काढली नाही.