एक अट राहिली

आर्लिसने भावाच्या गळ्यातली टाय तिसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

“फास लावतेस की काय, ताई?”

“हलू नकोस. सुटकेचे अर्ज पाच केलेस, टाय एकदाही धड बांधली नाहीस.”

शेजारी उभा पहारेकरी न्यायालयाच्या खिडकीबाहेर पाहत हसला.

तिचा हा भाऊ, व्हर्लिन, बासष्ट वर्षांचा होता. शेजारच्या एका मुलीवर अत्याचार केल्याबद्दल त्याने अकरा वर्षे तुरुंगात काढली. शिक्षा संपली, पण ‘अजून धोकादायक’ ठरवून राज्याने त्याला मुदत न ठरवताच उपचारकेंद्रात ठेवले. त्यालाही एकोणीस वर्षे होऊन गेली.

या खेपेस सुनावणीत सरकारी मानसतज्ज्ञ बाईंनीच सांगितले की, देखरेखीखाली हा बाहेर राहू शकेल. सरकारी वकिलाने हरकत घेतली नाही. न्यायाधीशबाईंनी अटी वाचल्या : पायात माग काढणारा पट्टा, दर आठवड्याला उपचारगट, राहणे गावी बहिणीच्या घरी. आर्लिसने तोंडावर हात दाबून धरला.

“काही सांगायचंय?” न्यायाधीशबाईंनी विचारले.

व्हर्लिन उठला. “एक अट राहिली, बाई.”

“गप्प बसा,” त्याच्या वकील मोबर्गबाई कुजबुजल्या. “जिंकलोय आपण.”

“ती मुलगी त्याच गावची. आता कुठं असते, मला ठाऊक नाही, विचारायचंही नाही. पण कधी आईवडिलांकडं आली, तर रस्त्यात मी दिसायला नको. मला दुसऱ्या गावी ठेवा.”

“दुसरी जागा मंजूर होईपर्यंत केंद्रातच राहावं लागेल. सात-आठ महिनेही जातील,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“राहतो.”

न्यायाधीशबाईंनी पेन उचलले आणि ती अट लिहून घेतली.

बाहेर आल्यावर व्हर्लिनला बहिणीकडे मान वर करून पाहवेना.

“रागावलीस?”

“मूर्खा, आधी सांगितलं असतंस, तर मागच्या वर्षी छप्पर नसतं बदललं,” आर्लिस म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि तिला हसू आवरत नव्हते. “विकेन घर. बोल, कुठलं गाव हवं तुला?”

मोबर्गबाईंनी दोघांना भिंतीवरच्या नकाशापुढे उभे केले. बहीणभावाची बोटे तळ्यातळ्यांवरून फिरू लागली. पहारेकऱ्याने घड्याळ पाहिले. केंद्रात परत नेणारी गाडी खाली उभी होती.

तो पुढे झाला आणि उत्तरेकडच्या एका तळ्यावर त्याने बोट टेकवले.

“इथं बघा,” तो म्हणाला. “गळाला मासे बरे लागतात.”