फिरवलेलं टेबल

आमच्या ऑफिसात एका भिंतीवर मोठा पडदा आहे आणि घरून काम करणारी आम्ही माणसं दिवसभर त्यात आपापल्या चौकोनात बसलेलो असतो. कल्पना आमच्या साहेबीणबाईंची. घरी बसलेल्यांना ऑफिस विसरतं, बढतीच्या वेळी त्यांचं नाव कुणाला आठवत नाही आणि एक दिवस नोकरीच जाते, असं त्या म्हणायच्या. ते काही खोटं नव्हतं. दृष्टीआड सृष्टी, दुसरं काय! गोंगाट नको म्हणून आवाज दोन्हीकडून बंद. पण पडद्यासमोरून जाणाऱ्याने हात हलवायचा आणि घरच्याने उलट हलवायचा, असा दंडक होता. आधी मला हा खुळ्यांचा बाजार वाटला. नंतर हात आपोआप वर जायला लागला.

मला काम घरूनच हवं होतं, कारण बाबा अंथरुणाला खिळले होते. आता जवळ राहा, असं डॉक्टरांनी आडवळणाने सांगितलं होतं. भाऊ परगावी, फोनवर भारी प्रेमळ. म्हणजे उरले मीच. विम्याचे दावे तपासायचं काम काय, कुठेही बसून होतं. शेवटच्या वेळी बाबांचा हात माझ्या हातात असावा, एवढं एकच मागणं होतं माझं.

सुरुवातीला माझं टेबल त्यांच्या पलंगासमोर होतं. मान वर केली की बाबा. पण खिडकी माझ्या पाठीशी यायची आणि पडद्यावर माझं तोंड काळं दिसायचं. साहेबीणबाई म्हणाल्या, "चेहरा दिसत नाही तुझा. दिसण्यासाठीच तर हे सगळं आहे ना?" मी टेबल फिरवलं. लॅपटॉपखाली पातेलं पालथं घातलं, उजेड तोंडावर घेतला. पलंग पाठीमागे गेला.

मागचं धूसर करायची सोय असते, तीही करून पाहिली. बाबांनी उशीवरून मान उचलून माझ्या स्क्रीनवर स्वतःला शोधलं आणि विचारलं, "मला पुसून टाकलंस का गं?" मी ती लगेच काढली. मग काय, बाबांची चंगळ. ऑफिसातल्या कुणी हात हलवला की माझ्याआधी ते हलवायचे. जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेलेला. येणाऱ्याजाणाऱ्याची दखल घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पडद्यासमोर बसणाऱ्या उंच मुलाचं त्यांनी लंबू असं नाव ठेवलं होतं. लंबूही सकाळी आधी त्यांना हात करायचा, मग मला. तुझ्या ऑफिसात तुझ्यापेक्षा माझी ओळख जास्त आहे, असं बाबा मला ऐकवायचे.

त्या दुपारी मी कानाला हेडफोन लावून एका जळालेल्या दुकानाच्या मालकाचा रेकॉर्ड केलेला जबाब ऐकत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात ऑफिस दिसत होतं. माझा स्वतःचा चौकोन मी एरवी माझ्या स्क्रीनवरून लपवून ठेवायची. दिवसभर आपलंच थोबाड कोण बघणार? लंबूने हात हलवला. मीही हलवला. त्याने परत हलवला, मीही परत. मग तो उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला. आज स्वारी भलतीच खुशीत दिसतेय, असं वाटून मी हसले आणि दोन्ही हात वर केले. त्याने समोरचा कागद ओढला, त्यावर काहीतरी खरडलं आणि कॅमेऱ्याला लावला.

"मागे बघ."

बाबांचा हात पलंगाबाहेर लोंबत होता. मी धरला तेव्हा तो ऊबदार होता, पण माझा हात धरून घेत नव्हता.

सगळं उरकल्यावर मी लंबूला फोन केला. तुला काय दिसलं ते सांग, म्हटलं. तो टाळत होता, मी हट्टच धरला. त्याने सांगितलं की बाबांनी हात वर केला तेव्हा त्याला रोजच्यासारखंच वाटलं, म्हणून त्यानेही हलवला. पण बाबांचा हात खाली येईना. ओठ हलत होते. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

"तुला हात करत होते ना ते?" मी विचारलं.

तो म्हणाला, "नाही. माझ्याकडे बघतच नव्हते ते. तुझ्या पाठीकडे बघत होते. हात तुझ्यापर्यंत पोचतोय का, ते बघत होते."

त्याचा काय दोष? पण मी फोन ठेवून दिला. मला साहेबीणबाईंचा राग आला, खिडकीचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. अख्ख्या ऑफिसला माझे बाबा दिसत होते, एक मला सोडून.

आता मी टेबल पुन्हा फिरवलंय. समोर पलंग आहे, त्यावर चादरीची घडी. परवा साहेबीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून त्या अडखळत म्हणाल्या, "तुझा चेहरा दिसत नाहीये गं."

"असू दे," मी म्हटलं. "मला समोर बघायचंय."