मागची गाडी

तात्यांना बोलावलं होतं सल्ला द्यायला, आणि ते सकाळपासून गॉगल पुसत बसले होते.

"वाळवंट लेकीच्या टेबलावर पसरलंय, तिथे ऊन नसतं," बायको म्हणाली.

"असू दे. पिशवीत काय जड होतोय?" म्हणत तात्यांनी गॉगल जुन्या हातरुमालात गुंडाळला आणि पिशवीच्या पार तळाशी घातला. वर लेकीसाठी घेतलेली बिस्किटं, त्यावर वर्तमानपत्र. बायकोने पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षं संसार केल्यावर काही गोष्टी विचारायच्या राहत नाहीत.

तात्यांना जायचं होतं, दुसरं काय. लेक, जावई, जावयाची बहीण आणि तिचा नवरा असे चौघे पाच दिवस वाळवंटातून गाडीने फिरणार होते, आणि तेही त्याच रस्त्याने, ज्या रस्त्यावर तात्यांनी अठ्ठावीस वर्षं डिझेलचा टँकर चालवला होता. निवृत्त झाल्यापासून सात वर्षांत त्यांनी वाळूचा एक कण पाहिला नव्हता. पण "मलाही न्या" असं आपल्या तोंडाने म्हणायचं? जीभ झडली असती तरी ते झालं नसतं. लेक म्हणाली होती, "तात्या, रविवारी या, प्लॅन बघून द्या." प्लॅन बघायला या म्हणाली, प्रवासाला या म्हणाली नव्हती. तात्यांनी हे वाक्य आठवडाभर उलटसुलट करून पाहिलं होतं.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तात्यांच्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला तक्रार नोंदवली. दार लेकीनेच उघडलं. ही त्यांची लेक शहराच्या इस्पितळाची अ‍ॅम्ब्युलन्स चालवते. चालवते म्हणजे नुसती चालवत नाही, तिथल्या अकरा ड्रायव्हरांना शिकवतेही, आणि त्या अकरांतले नऊ मिशीवाले आहेत. तात्या हे बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात. तिला गाडी कुणी शिकवली हे त्याने विचारावं म्हणून थोडं थांबतात, आणि नाही विचारलं तर स्वतःच सांगतात.

"पिशवी द्या इकडे," लेक म्हणाली आणि ती आत घेऊन गेली.

पुढच्या खोलीत टेबलावर जावयाने प्लॅनचा भला मोठा कागद पसरला होता. जावई माणूस सोन्यासारखा, विम्याच्या कंपनीत नोकरीला, आणि कागदावर त्याचा भारी जीव. पाच दिवसांना पाच रंग, रस्ता हिरवा, मुक्काम पिवळे, पाणी मिळेल तिथे निळे गोल. तात्या कौतुकाने वाकले, आणि वाकल्या वाकल्याच त्यांची नजर पलीकडच्या खुर्चीवर गेली.

खुर्चीत तुफान बसला होता.

"तात्या, हे वाळवंटातले नामांकित ड्रायव्हर," जावई उत्साहाने म्हणाला. "ऑफिसातल्या एकाने नंबर दिला. आता स्वतःची जीप चालवतात. म्हटलं, दोघंही अनुभवी माणसं, एकत्र बसू."

बिचाऱ्याला काय माहीत, की ही दोन्ही अनुभवी माणसं एकाच डेपोतली. तुफान तात्यांहून दोन वर्षांनी लहान, केस अजून काळे करतो, मिशीला अजून पीळ देतो. अठ्ठावीस वर्षांत त्याचा टँकर एकदाही अर्ध्या वाटेतून माघारी आला नाही, म्हणून नाव तुफान, हे डेपोतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"या, रिव्हर्सराव," तुफान म्हणाला. "बसा."

जावयाने भुवया उंचावल्या. तात्या बसले. चहा यायचा होता, तोवर कागदाकडे बघण्यात वेळ घालवावा म्हणून त्यांनी चष्मा चढवला आणि तिसऱ्या दिवसावर बोट ठेवलं. तिसरा दिवस म्हणजे शेवटच्या गावापासून खाऱ्या तळ्याकाठच्या विश्रामगृहापर्यंत दोनशे चाळीस किलोमीटर. मध्ये घर नाही, दार नाही. बरोबर मधोमध पाणी उपसायचा एक जुना पंप आणि त्याभोवती जावयाचा निळा गोल.

"जावईबापू, इथे पाणी नाही," तात्या म्हणाले. "पंप बंद पडून बारा वर्षं झाली. त्यात शेवटचं डिझेल मीच ओतलं होतं."

"पण फोनवर दाखवतंय, तात्या."

"मग फोनला सांगा, आधी जाऊन एक पेला भरून आण."

तुफान खो खो हसला. "अहो, पाणी हवंय कशाला? चार तासांचा रस्ता. पाय दाबायचा आणि सुटायचं. आणि वाळवंटाचं यांना कुठे विचारताय तुम्ही? हे अर्ध्या रस्त्याचे तज्ज्ञ. चार वेळा भरलेला टँकर जसाच्या तसा परत घेऊन आले. उगाच नाही आम्ही यांना रिव्हर्सराव म्हणत."

जावई आधी हसला, मग सासऱ्याचा चेहरा बघून त्याने ते हसू खोकल्यात घातलं. तात्यांनी चष्मा काढून परत चढवला. बोलायला काय, खूप होतं. टँकरमध्ये दहा हजार लिटर डिझेल असलं तरी त्यातलं पिता एक थेंब येत नाही. प्यायला आणि रेडिएटरला मिळून पाण्याचे सहा डबे. तात्यांचा नियम एकच होता, अर्धा रस्ता व्हायच्या आत अर्धं पाणी संपलं तर गाडी वळवायची. मग साहेब ओरडो, डेपो हसो. अठ्ठावीस वर्षांत अशी वेळ चारदा आली आणि चारही वेळा त्यांनी गाडी वळवली. पण हे सांगत बसणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. आणि खरं दुखणं तुफानचं नव्हतंच.

दुखणं वेगळं होतं. त्या चारपैकी एका खेपेला लेक बरोबर होती. नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी. जिथे डिझेल पोचवायचं त्या पलीकडच्या छावणीत कामगारांनी कोल्ह्याचं पिल्लू पाळलं होतं, ते बघायला म्हणून ती महिनाभर मागे लागली होती. वाटेत वारा सुटला, वाळूने रस्ता गिळला, रेडिएटर तीन डबे पिऊन बसला, आणि तात्यांनी एका वाकड्या खांबापाशी टँकर वळवला. पोर परतीच्या वाटेवर सगळा वेळ रडली. डेपोच्या फाटकात उतरताना तिने सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही रिव्हर्सरावच आहात." डेपोतल्या चाळीस ड्रायव्हरांचं बोलणं तात्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. हे एक मात्र आत जाऊन बसलं. आज तेच नाव तिच्या नवऱ्यासमोर, तिच्याच घरात निघालं होतं. आणि स्वयंपाकघर चार पावलांवर. तिने ऐकलं असणारच.

लेक चहाचा ट्रे घेऊन आली आणि तो तिने सरळ चौथ्या दिवसावर ठेवला. जावई हळहळला. तिने लक्ष दिलं नाही. टेबलावरचं लाल पेन उचललं.

"तिसऱ्या दिवशी डबे किती घेतोयस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बारा. चौघांना पुरतील."

"आणि वळायचं कुठून?"

"वळायचं कशाला? पलीकडची खोली बुक आहे. रद्द होत नाही ती."

"विम्याच्या ऑफिसात बसतोस आणि असं बोलतोस?" लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवून चालत नाही, त्यामुळे तिची ती सवयच गेली होती. "तुफानकाका, तुम्ही चार तास म्हणालात. मी रोज ज्यांना रस्त्यावरून उचलून आणते ना, त्या सगळ्यांचा रस्ता चारच तासांचा असतो. वेळेवर वळला असा एकही मला अजून उचलावा लागलेला नाही."

तिने कागदावर वाकून हिरव्या रेघेवर एक जाड लाल फुली मारली. "एकशे दहा किलोमीटर. इथे पोचायच्या आत सहा डबे रिकामे झाले, तर गाडी वळणार. खोली गेली उडत."

तात्यांनी त्या फुलीवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "एकशे दहा कुठून काढलंस?"

"वाकडा खांब आहे तिथे."

"तुला आठवतो?"

"मी फाटकात काय बोलले तेही आठवतं, तात्या."

जावई आणि तुफान, दोघांनाही कळेना हे काय चाललंय. लेकीने कप तात्यांसमोर सरकवला. "नऊ वर्षांची होते. कोल्हा हवा होता मला, अक्कल कुठे होती? मागच्या वर्षी नदीवरच्या पुलावरून पाणी चाललं होतं. मागे पेशंट, त्याची माणसं ओरडतायत, घाला गाडी, घाला गाडी. मी वळवली. लांबच्या रस्त्याने नेली. चाळीस मिनिटं जास्त लागली. पेशंट जगला. ओरडणाऱ्यांपैकी एकानेही नंतर तोंड दाखवलं नाही. तेव्हा वाटलं, तुम्हाला सांगावं. पण सांगायचं तर आधी माफी मागायला हवी होती, आणि ती काही तोंडातून निघेना. तुमचीच लेक."

तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पेशंट जगल्याचं कौतुक होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी मनात पक्की टिपून घेतली. सगळे ओरडत असताना पोरीने गाडी वळवली. पुढे जायला काय, कोणीही जातो. त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला, तो चांगलाच भाजला, आणि डोळ्यांत पाणी यायला ते एक कारण बरं झालं.

तुफान बराच वेळ बिस्किट चहात बुडवून बसला होता. बिस्किटाचा अर्धा भाग कपात पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"पोरी, एक सांगतो," तो अखेर म्हणाला. "मी कधी वळलो नाही, खरं आहे. पण का नाही, ते मला आजवर कुणी विचारलं नाही. डेपोत फळा होता. कोणाच्या मागे कोणाची गाडी, ते त्यावर लिहायचे. मी रोज आधी तो बघायचो. माझ्या मागे हा असला की मी दोन डबे पाणी कमी घ्यायचो. गाडी हलकी, मी तुफान. अडकलो तर दोन तासांत हा येणार, आणि याच्याकडे पाणी असणार. वळलाच, तरी डेपोत पाय ठेवल्या ठेवल्या पहिलं विचारणार, तुफान पोचला का. आणि ज्या दिवशी हा मागे नसायचा, त्या दिवशी माझं पोट दुखायचं. रजा."

"तरीच," तात्या म्हणाले. "मला वाटायचं, तुला पोटाचा विकार आहे."

"तीनदा ओढून काढलंय यांनी मला वाळूतून," तुफान जावयाला म्हणाला. "डेपोत अवाक्षर काढलं नाही. मी आपला वर मान करून मिरवत राहिलो."

"त्यात बोलायचं काय होतं?" तात्या म्हणाले. पण त्यांची मान अशी काही ताठ झाली होती, की खुर्चीची पाठ कमी पडावी.

जावई आता पुढे सरकला. त्याने ट्रे अलगद उचलून चौथ्या दिवसावरून बाजूला ठेवला, फडक्याने कागद पुसला, आणि विम्याच्या माणसाला शोभेल असं तो म्हणाला, "म्हणजे आपल्यालाही मागे एक गाडी हवी."

"जीप आहे माझी," तुफान म्हणाला. "चालवतो मी. पण एक अट आहे, शेजारी हा हवा. गाडी मी हाकीन, वळवायची कधी ते हा सांगेल. मला त्यातलं काही कळत नाही, हे आत्ताच सगळ्यांसमोर कबूल केलंय."

सगळे तात्यांकडे बघायला लागले. ज्याच्यासाठी आठवडाभर झोप उडाली होती ते समोर चालून आलं होतं. लगेच हो म्हटलं तर पोरं म्हणतील, टपूनच बसले होते.

"बघू," तात्या म्हणाले. "गुडघे आहेत. ऊन आहे. तयारी नको का काही?"

लेक आत गेली आणि पिशवी घेऊन आली. वर्तमानपत्र काढलं, बिस्किटाचा दुसरा पुडा काढला, तळातून हातरुमाल काढला आणि तात्यांच्या हातात ठेवला. "आईचा फोन आला होता सकाळी. म्हणाली, विचारू नकोस, नुसतं तळाशी बघ. तात्या, मी तुम्हाला चला म्हणणारच होते. पण आपल्याला ओझं नेल्यासारखं नेतायत, असं वाटलं असतं तुम्हाला. काम असल्याशिवाय तुम्ही कधी गाडीत बसला आहात?"

तात्यांनी रुमाल उलगडला. काचा इतक्या लख्ख, की लपवायला जागाच नव्हती. तुफानने तोंड फिरवून हसू मिशीत घातलं.

जावयाने कागदाच्या खालच्या कोपऱ्यात नवी ओळ आखली, तिला वेगळा रंग दिला आणि लिहिलं, "मागची गाडी". मग पेन थांबवून त्याने अदबीने विचारलं, "प्रमुख म्हणून काय लिहू, तात्या? तुमचं नाव पूर्ण लिहू का?"

"रिव्हर्सराव लिहा," तात्या म्हणाले. "आणि डबे बारा नकोत, अठरा करा. आता आपण सहा जण आहोत."