पायरी क्रमांक तीन

लोकांनी एकमेकांशी बोलून कामं करावीत, यासाठी आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते. आम्ही आठ जण एका खोलीत बसून ते बनवतो आणि एकमेकांशी अजिबात बोलत नाही. शेजारच्या टेस्टरला पंखा कमी करून हवा असला की ती मला कार्ड पाठवते. मी ते कार्ड 'चालू आहे' या रकान्यात ओढतो, उठतो, पंखा कमी करतो, परत येऊन 'झालं' मध्ये टाकतो. मग ती मला अंगठा पाठवते. तिचा खरा अंगठाही माझ्यापासून हातभरच लांब असतो, पण त्याची गरज अजून पडलेली नाही. तिला सगळे शंका म्हणतात, कारण तिला त्या येतात.

आमच्या मॅडम वर्षातून एकदा परिषदेला जातात आणि येताना नवं वारं घेऊन येतात. पहिल्या वर्षी सगळं कार्ड झालं. दुसऱ्या वर्षी कार्डं जुनाट ठरली आणि पंख्यासारखी कामं सोडून सगळं गप्पांच्या खिडकीत गेलं. तिसऱ्या वर्षी एक अफाट पांढरा फळा आला, ज्याला कडाच नव्हत्या. त्यात आमची सुट्ट्यांची यादी हरवली. कोणीतरी ती उजवीकडे ठेवली होती, एवढंच आठवतं. यंदाचं वारं असं की माणसानं काही करायचंच नाही. सहायक नावाचा प्रोग्राम सगळं वाचणार, सारांश काढणार आणि वर माणसाचं अभिनंदनही करणार.

"कार्डांचं जुनं पान शुक्रवारी बंद," मॅडम सोमवारच्या मीटिंगमध्ये म्हणाल्या. "त्यावर बाहेरचे अकराच युजर उरलेत. आणि हे काय आहे? दोन जण दिवसाला तीस-तीस वेळा येतात. चार वर्षं. एकाच कार्डावर. कोण आहेत हे?"

पडद्यावर आलेख होता. दोन रेघा, एक वर गेली की दुसरी लगेच वर. मी त्या दोन्ही रेघांना ओळखत होतो. एक माझे बाबा होते आणि दुसरी माझी आत्या.

"कार्डाचं नाव 'शिडी'," शंका म्हणाली.

"बांधकाम क्षेत्र असेल," मी म्हणालो.

"काय शिस्त आहे!" मॅडम भारावून म्हणाल्या. "दोन माणसं, एक काम, चार वर्षं. अशी संस्था पाहिजे."

आता ही संस्था सांगतो.

आत्या बाबांची मोठी बहीण. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, आम्ही पहिल्या, बरोबर तिच्या खाली. पाच वर्षांपूर्वी बाबांनी तिची घडीची शिडी दिवा बदलायला आणली आणि परत नेली. आत्या म्हणाली, तिसरी पायरी वाकवून आणलीस. बाबा म्हणाले, तिसरी पायरी सरळ आहे, तुझी नजर वाकडी आहे. आत्यानं शिडी घरात घ्यायला नकार दिला, बाबांनी खाली न्यायला नकार दिला. तेव्हापासून ती दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभी आहे. शेजारी तिच्यावर मोजे वाळत घालतात. भाऊ-बहिणीनं एकमेकांशी बोलणं टाकलं. जिन्यात समोरासमोर आले तर दोघंही मोज्यांकडे बघतात.

पहिलं वर्ष आईनं निरोप पोचवण्यात काढलं. तिचे गुडघे गेले. मग मला नोकरी लागली, चाचणीसाठी खरी माणसं हवी होती, हाताशी दोनच होती. मी एक कार्ड उघडलं, नाव दिलं 'शिडी', रकाना 'अडकलं आहे', आणि दोघांना जोडलं. माणूस माणसाला नाही म्हणू शकतो, पण फोन टुणकन वाजला की बघतोच.

सुरुवात आत्यानं केली. *पायरी क्र. ३ सरळ करून मिळावी.*

*पायरी क्र. ३ सरळ आहे. फुटपट्टी लावून पाहिली आहे. येऊन खात्री करावी. गुडघा दुखत असल्यास येऊ नये.*

*गुडघा बरा आहे. दुखतो असे कोणी सांगितले?*

*वरून चालण्याचा आवाज येतो. डाव्या पायाचा उशिरा येतो.*

*तुम्हाला रात्री खोकला येतो त्याचा आवाज वर येतो. आधी त्याचे बघावे, मग पायरीचे.*

अशा दोन हजारांवर कॉमेंट झाल्या. त्यांत शिडी होती, पण लोणी लावलेल्या पावात लोणी असतं तेवढीच. बाकी सगळं रक्तदाब, चष्म्याचा नंबर, लहानपणी विहिरीत कुणी कुणाची चप्पल टाकली, आणि 'आज वरून भाजीचा वास आला, मीठ जास्त झालेले दिसते' असलं. हे पान बंद झालं की हे सगळं बंद. आणि माझ्या नावावर आलेलं काम होतं: जुनं पान बंद करणे.

घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"मी परत जिने चढणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. सॉफ्टवेअर तुझं, बाप तुझा, आत्या तुझी. मी या घरात सून म्हणून आले, पोस्टमन म्हणून नाही."

"त्यांना नवीन पान मिळेल गं."

"त्यात भांडता येतं का?"

नवीन पानात भांडता येत नव्हतं. आमचा डिझायनर, ज्याला आम्ही मोकळी जागा म्हणतो कारण तो दुसरं काही ठेवतच नाही, त्यानं चार रकान्यांचे दोन केले होते. 'प्रवासात' आणि 'साजरं'. 'अडकलं आहे' हा शब्द त्याला नकारात्मक वाटला. शिवाय कोणतं काम कुणी केलं, हे दाखवणारी जागाही त्यानं काढून टाकली. कुणी केलं हे विचारणं संघभावनेच्या विरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं. आता सगळं 'टीमनं' केलं.

बाबांना सांगितलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बंद होतंय तर होऊ दे. मला काय त्याचं." त्या संध्याकाळी त्यांनी चौदा कॉमेंट टाकल्या.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मला जिन्यात गाठलं. "काय इंजिनिअर, तुझं ते पान मिटतंय म्हणे."

"हो आत्या. शुक्रवारी."

"मिटू दे. माझं काही अडलेलं नाही. उलट डोळ्यांना आराम." ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. "शुक्रवारी किती वाजता?"

"अकराला."

"सकाळी?"

"सकाळी."

"म्हणजे साडेदहापर्यंत चालेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि वर गेली. डावा पाय खरंच उशिरा पडत होता.

मी मॅडमकडे गेलो. म्हणजे कार्ड पाठवलं, त्यांनी ते उघडलं, मग मी प्रत्यक्ष गेलो. म्हटलं, त्या बांधकामवाल्यांसाठी जुनं पान ठेवू या का? मॅडम म्हणाल्या, "अकरा जणांसाठी? जगाबरोबर चालायला शिक रे. त्यांची कार्डं नवीन पानात नेऊन ठेव, झालं." एवढं मिळालं. मी ठरवलं, शिडी 'प्रवासात' ठेवायची. पाच वर्षं एका जागी उभी असलेली शिडी प्रवासात, पण निदान उघडी तरी राहील. कॉमेंट टाकता येतील.

कार्डं हलवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, दहा ओळींची होती. मी ती तीन वेळा तपासली आणि तिन्ही वेळा मला ती आवडली. शुक्रवारी अकराला बटण दाबलं. जुनं पान गेलं. खोलीत कुणीतरी टाळीचं चित्र पाठवलं.

अकरा वाजून चार मिनिटांनी शंका बोलली. तोंडानं. मी दचकलोच, तिचा आवाज मी विसरलो होतो.

"अरे, अडकलेलं सगळं 'साजरं' मध्ये गेलंय."

आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून करतात. चार रकाने असले की आम्ही म्हणतो शून्य, एक, दोन, तीन, आणि शेवटचा 'झालं' हा रकाना तिसरा. पण जुनं पान ज्यानं लिहिलं होतं तो कोणीतरी सरळ माणूस असावा. त्यानं घरच्यासारखं एकपासून मोजलं होतं. त्याचा तिसरा रकाना म्हणजे 'अडकलं आहे'. मी जगभरातल्या अकरा लोकांची अडलेली कामं एका बटणात पूर्ण करून टाकली होती. एकाचं 'वजन कमी करणे' साजरं झालं होतं. एकीचं 'त्याला स्पष्ट सांगणे' पण.

"मागे घेता येईल," शंका म्हणाली. "पण नोटिफिकेशन गेलीत. रंगीत कागद उडतात ती."

मी माझा फोन बघितला. त्या कार्डावर मीही होतो. *टीमनं 'शिडी' हे काम पूर्ण केलं! अभिनंदन!* आणि खाली रंगीत कागद उडत होते. कुणी पूर्ण केलं, ते कुठेच नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "तुझे बाबा जिन्यात गेलेत. चपला न घालता. काय केलंस?"

ऑफिस ते घर चालत बारा मिनिटं. त्या दिवशी सहा लागली.

बाबा मधल्या वळणावर उभे होते. हातात शेजाऱ्यांच्या मोज्यांची एक जोडी होती, शिडीवरून काढलेली. वरून आत्या येत होती, कठड्याला धरून, एकेक पायरी. बाबांनी तिच्याकडे बघितलं. मोजे हातात असल्यामुळे दुसरीकडे बघण्याची सोयच नव्हती.

"आलास," आत्या म्हणाली.

"तू एवढं केल्यावर येणार नाही का?"

"मी कुठे काय केलं?"

"तेच म्हणतो ना. न बोलता केलंस. मोठी आहेस."

आत्या थोडी गोंधळली. मग तिला वाटलं असावं, हा लाजतोय. "असू दे," ती म्हणाली. "तूही काही कमी मोठेपणा दाखवला नाहीस. मी तर म्हटलं होतं, हा जन्मात पुरं करायचा नाही."

आता बाबा गोंधळले. त्यांना वाटलं असावं, ही विनय करतेय. "असू दे," तेही म्हणाले.

मी चार पायऱ्या खाली, धापा टाकत. दोघांपैकी एकानं जरी सरळ विचारलं असतं, 'तू केलंस ना?', तर पाच वर्षं परत सुरू झाली असती. माझा फोन टुणकन वाजला. शंका विचारत होती: *मागे घेऊ?*

मी लिहिलं: *बाकी सगळी घे. एक राहू दे.*

*कुठलं?*

*बांधकाम क्षेत्र.*

जरा वेळानं आलं: *ही चूक म्हणून नोंदवू? कुणाच्या नावावर?*

*नव्या पानात तो रकाना नाही,* मी लिहिलं. तिनं अंगठा पाठवला.

"काय रे इंजिनिअर," आत्या वरून म्हणाली, "ऑफिस सोडून इथे काय? आणि एवढा घाम?"

"शिडी धरायला आलो."

"ये मग. धर खालून."

आम्ही शिडी आडवी केली. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती भिंतीपासून सुटली होती, मागे तिच्या आकाराचा स्वच्छ पट्टा निघाला. बाबा वाकले आणि तिसऱ्या पायरीवरून हात फिरवला. "बघ. सरळ. काडीइतकी सुद्धा वाकलेली नाही."

"ती नव्हे रे. ही." आत्यानं दुसऱ्या टोकाकडच्या पायरीवर बोट ठेवलं. ती पायरी मधोमध खचली होती, बशीसारखी.

"ही पाचवी आहे."

"पाचवी कशी? एक, दोन, तीन. तिसरी."

"वरून मोजतेस होय?"

"मी वर राहते, मी वरूनच मोजणार!"

बाबांनी खालून मोजून पाहिलं. मग वरून. पुन्हा खालून. पायऱ्या सात होत्या. मला यात बोलायचा अधिकारच नव्हता. मी त्याच सकाळी चारच रकाने मोजताना चुकलो होतो, आणि मला त्याचा पगार मिळतो.

"पण शिडी चढतात खालून," बाबा अखेर म्हणाले. "म्हणजे मोजायचीही खालून."

"उतरतात कुठून?"

"आणि ही पाचवी तर मी न्यायच्या आधीच वाकलेली होती."

"अस्सं! आता पाचवी आधीपासून! चल वर, दाखवते तुला. चहा टाकते. चपला कुठेत तुझ्या?"

ते वर गेले. बाबा एका हातानं शिडी धरून, दुसऱ्या हातात अजून मोजे. आत्याच्या डाव्या पायासाठी ते प्रत्येक पायरीवर थांबत होते, आणि थांबलेल्या वेळात भांडत होते. आई खाली दारात उभी होती. वरून आवाज वाढत गेला तशी ती दाराला टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ऐक. माझ्याशिवाय चाललंय."

पुढच्या सोमवारी मॅडमनी नवीन आलेख लावला. दोन्ही रेघा शुक्रवारी अकरा वाजता खाली कोसळल्या होत्या आणि सपाट पडून राहिल्या होत्या.

"गमावलं आपण त्यांना," मॅडम खरंच हळहळल्या. "चार वर्षांचे ग्राहक."

"काम झालं असेल त्यांचं," मी म्हणालो.

"चार वर्षं झालं नाही ते एका दिवसात?"

"सहायकामुळे, मॅडम."

त्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या परिषदेत सांगणार आहेत.

बुधवारी मी घरून काम करत होतो. मीटिंग चालू, मॅडम पडद्यावर. वरच्या गॅलरीतून आत्या ओरडली की खालच्या गॅलरीतला जो दिवा बाबांनी पाच वर्षांपूर्वी बदलला तो सुद्धा वाकडा लावलाय. बाबा आमच्या गॅलरीतून ओरडले की दिवा गोल आहे, गोल वस्तू वाकडी लागत नाही. मी हेडफोन घट्ट दाबले.

"तुझ्याकडे मागे कसला आवाज आहे?" मॅडमनी विचारलं.

"बांधकाम चालू आहे," मी म्हणालो.